कळते, पण वळते कशाने?

तंबाखू वाईट आहे, हे आज कोणत्या मुलाला सांगावे लागते? पुडीवर रोगाने विद्रूप झालेल्या मुखाचे चित्र असते, चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर इशारा झळकतो, ३१ मे रोजी शाळांमधून घोषणा दिल्या जातात आणि आपल्या समाजाच्या मेळाव्यांतही व्यसनमुक्तीवर एखादे व्याख्यान होतेच. माहितीचा दुष्काळ नाही. तरीही मुले वाटेला लागतात आणि मग घरातील वडीलधारी मंडळी उद्गारतात, ‘कळते, पण वळत नाही.’ हा उद्गार काढून आपण थांबतो. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी मात्र त्यापुढचा प्रश्न हाती घेतला : मग वळते तरी कशाने? त्यांना मिळालेली उत्तरे व्यापारी कुटुंबांनी आवर्जून समजून घ्यावीत अशी आहेत. कारण त्या उत्तरांचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो आणि दुसरा थेट दुकानाच्या गल्ल्यापर्यंत.

प्रथम परिस्थिती पाहू. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ साली शालेय विद्यार्थ्यांचे तंबाखूविषयक सर्वेक्षण केले. देशभरातील ९८७ शाळांचा त्यात समावेश होता. १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी त्या काळात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. मुलांमध्ये हे प्रमाण ९.६ टक्के, तर मुलींमध्ये ७.४ टक्के होते. २००९ च्या सर्वेक्षणात हाच आकडा १४.६ टक्के होता. म्हणजे दहा वर्षांत लक्षणीय घट झाली आणि त्याचे समाधान मानायला हवे. परंतु याच अहवालातील दुसरी नोंद झोप उडविणारी आहे. ज्यांनी तंबाखूची चव घेतली होती, त्यांपैकी सिगारेट ओढणारे ३८ टक्के, विडी ओढणारे ४७ टक्के आणि तंबाखू चघळणारे ५२ टक्के विद्यार्थी वयाच्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच तिकडे वळले होते.

दहा वर्षांचे मूल म्हणजे चौथी-पाचवीतले. मुलगा महाविद्यालयात जाऊ लागला की त्याला जवळ बसवून चार गोष्टी सांगायच्या, असा आपला प्रघात आहे. अनेकांच्या बाबतीत तोपर्यंत सात-आठ वर्षे उलटून गेलेली असतात.

दिल्ली आणि चेन्नई येथील एका अभ्यासातही अशीच चाहूल लागली होती. डॉ. के. श्रीनाथ रेड्डी, मोनिका अरोरा, अमेरिकेतील चेरिल पेरी आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन शहरांतील ३२ शाळा निवडल्या. सहावी व आठवीच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा सहावीतल्या मुलांमध्ये तंबाखूसेवनाचे प्रमाण आठवीतल्या मुलांपेक्षा दुपटीहून अधिक आढळले. वयाबरोबर व्यसन वाढते, हा सर्वसाधारण समज येथे उलटा ठरला. येणारी पिढी आधीच्या पिढीपेक्षा लवकर या वाटेवर येत असावी, असा इशारा अभ्यासकांनी २००६ मध्ये दिला.

त्याच शाळांमध्ये २००४ ते २००६ या दोन वर्षांत ‘मैत्री’ या नावाने एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत कार्यक्रम राबविला गेला आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. कोणती शाळा कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने ठरविले होते. त्यामुळे निष्कर्षाला वजन आले.

या कार्यक्रमात काय होते, ते सांगण्याजोगे आहे. भाषणांवर भर नव्हता. वर्गातलीच काही मुले-मुली प्रशिक्षण देऊन गटप्रमुख केली होती आणि खेळ, चर्चा, छोटी नाट्ये त्यांच्या पुढाकाराने होत. ‘सगळेच खातात’ या समजुतीवर तेथे सरळ बोट ठेवले गेले. कारण आपल्या बरोबरीची किती मुले व्यसन करतात याचा अंदाज मुले नेहमी फुगवून करतात आणि त्या अंदाजाच्या दडपणाखाली स्वतः वाकतात. मित्राने पुडी पुढे केली तर नेमके कोणत्या शब्दांत नाही म्हणायचे, याचा सराव करून घेतला जाई. जाहिरात आपल्याला कशी भुलविते, हे मुले स्वतः उलगडून पाहत. शाळेच्या भिंतींवर फलक लागत आणि मुलांच्या हाती घरी पोस्टकार्डे जात, म्हणजे आई-वडीलही त्या संवादात ओढले जात.

दोन वर्षांनंतर तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांत तंबाखूचे सेवन ६८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. कार्यक्रम झालेल्या शाळांत ते १७ टक्क्यांनी घटले होते. सिगारेट आणि विडी यांच्या बाबतीत फरक ठळक होता. पुढे कधी तंबाखू ओढण्याचा वा चघळण्याचा मुलांचा इरादाही कार्यक्रमाच्या शाळांत कमी दिसला.

आपल्या मुंबईतही अशा कामाची पाहणी झाली आहे. महापालिकेच्या शाळांमधून ‘सलाम बॉम्बे फाउंडेशन’ ही संस्था तंबाखूविरोधाबरोबर जीवनकौशल्यांचे शिक्षण देते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या शाळांतील आठवी-नववीच्या ४.१ टक्के विद्यार्थ्यांनी मागील तीस दिवसांत तंबाखू सेवन केल्याचे सांगितले. असा कार्यक्रम नसलेल्या शाळांत हे प्रमाण ८.७ टक्के होते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग शाळांवर सोपवून निर्धास्त व्हावे! येथे एका परदेशी प्रयोगाची आठवण ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ४० शालेय विभागांतील आठ हजारांहून अधिक मुलांचा या प्रयोगात समावेश होता आणि त्यांतील एका गटाला तिसरीपासून शालेय शिक्षण संपेपर्यंत धूम्रपानाविरुद्ध असेच पद्धतशीर धडे दिले गेले. नकाराचा सराव, जाहिरातींचे पृथक्करण, सारे काही त्यात होते. दीर्घ पाठपुराव्यानंतर २००० साली निष्कर्ष हाती आला : धडे मिळालेली मुले आणि न मिळालेली मुले यांच्या धूम्रपानात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

दोन्ही प्रयोग प्रामाणिक, दोन्ही शिस्तीने केलेले. दिल्ली-चेन्नईचा परिणाम दोन वर्षांनंतर मोजला गेला, वॉशिंग्टनचा कित्येक वर्षांनंतर, हा भेद ध्यानात घ्यावा. शाळेतला धडा मुलाला काही काळ सावरतो. पण शाळेबाहेर जे जग त्याला रोज भेटते, ते जर तसेच राहिले तर एकट्या धड्याची पुण्याई आयुष्यभर पुरेल, असे मानता येत नाही. मला या साऱ्यातून एवढाच बोध घ्यावासा वाटतो की शाळा जे शिकविते, त्याला घराने आणि बाजाराने दुजोरा द्यावा लागतो. मुलाचे घर आणि मुलाचा बाजार, दोन्ही बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत.

घरापासून आरंभ करू. आपल्या अनेक कुटुंबांत तंबाखूला उंबरठा ओलांडता येत नाही, पण सुपारीला मानाचे स्थान असते. जेवणानंतर मुखवासाची डबी फिरते, पाहुण्यांपुढे तबक येते आणि घरातले लहान मूल सहजपणे दोन खांडे उचलून तोंडात टाकते. कोणी रागावत नाही, उलट कौतुकाने हसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मात्र सुपारीला, तंबाखू न मिसळलेल्या सुपारीलाही, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात स्थान दिले आहे. ज्या वर्गात तंबाखू आहे, तोच हा वर्ग.

सुपारीमुळे तोंडाच्या आतील त्वचा हळूहळू ताठर होते. आरंभी तिखट झोंबू लागते, मग गालांच्या आत पांढुरके पट्टे जाणवतात, पुढे तोंड पुरते उघडत नाही आणि घास घेणेही कष्टाचे होते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच या विकाराचे वर्णन केले होते. एकदा आलेला ताठरपणा पूर्णपणे पूर्ववत होत नाही आणि त्यातील काही रुग्णांना पुढे मुखाचा कर्करोग होतो. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तंबाखू वा सुपारी खाणाऱ्या ५०१८ पुरुषांच्या तोंडाची तपासणी झाली. १६४ जणांना हा विकार आढळला आणि त्यांपैकी चौघे वगळता सारे सुपारी खाणारे होते. एकेकाळी उतारवयात दिसणारा हा रोग आता पस्तिशीच्या आतील तरुणांत वाढतो आहे, हीच अभ्यासकांची मुख्य चिंता होती. तेथील तरुणांत सुपारी बहुतांशी माव्याच्या रूपाने पोचली होती. ज्या मुलाच्या जिभेला घरच्या डबीतून सुपारीची गोडी लागली, त्याला मित्राच्या हातची पुडी परकी वाटत नाही.

आता बाजाराकडे वळू. २०१९ च्या सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या ६९ टक्के आणि विडी ओढणाऱ्या ७८ टक्के विद्यार्थ्यांनी ती दुकानातून, पानटपरीवरून किंवा फेरीवाल्याकडून विकत घेतल्याचे सांगितले. म्हणजे मुलांच्या हाती पडणारा माल बहुतांशी उघडपणे, पैसे मोजून घेतलेला असतो. कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूचे पदार्थ विकता येत नाहीत आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत त्यांची विक्री करता येत नाही. तसा फलक दुकानात ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. पुढे केलेल्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या हातून हे पदार्थ विकलेही जाता कामा नयेत. २०१५ चा बाल न्याय कायदा तर बालकाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा व पानमसाला आणि पुढे सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हेही बंदीखाली आले.

कायद्याचे भय दाखविण्यासाठी हे लिहीत नाही. किराणा, घाऊक व्यापार, एजन्सी यांत आपली पिढ्यान्‌पिढ्यांची हयात गेली आहे. सुट्टीत मुलाने दुकानावर बसावे, वजनमाप, उधारी, गिऱ्हाइकाशी बोलणे शिकावे, ही आपली फार चांगली रीत आहे. पण चौदा वर्षांचा नातू गल्ल्यावर बसून समवयस्क गिऱ्हाइकाला पुडी काढून देतो, तेव्हा तो कोणता व्यवहार शिकतो? आजोबा घरी व्यसनाला दोष देतात आणि दुकानात त्याच वस्तूचा नफा मोजतात, हे मुलाच्या नजरेतून सुटत नाही. उपदेशापेक्षा हिशेबाची वही त्याला अधिक खरी वाटते.

‘मी नाही दिले तर शेजारचा देईल, गिऱ्हाईक मात्र कायमचे तुटेल,’ हा युक्तिवाद प्रत्येक बाजारपेठेत ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पुडी घ्यायला आलेला माणूस साबण, चहा, बिस्किटेही घेऊन जातो. तो तुटला तर खोट केवळ पुडीपुरती राहत नाही. म्हणूनच हा निर्णय एकट्या दुकानदारावर टाकू नये. सणासुदीच्या सुट्ट्या, दुकाने बंद करण्याच्या वेळा गावचा व्यापारी संघ एकमताने ठरवितो. तसेच शाळकरी मुलाला तंबाखूची वस्तू कोणीही द्यायची नाही, हेही ठरविता येईल. सर्वांनीच नाकारले तर कोणाचेच गिऱ्हाईक तुटत नाही.

घरी करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. मुखवासाच्या डबीतून सुपारी काढून बडीशेप, धनाडाळ, तीळ, ओवा ठेवावा. वडीलधाऱ्यांसाठी पुडी वा सिगारेट आणायला मुलाला कधीही पाठवू नये. या विषयावर बोलायचे ते आठव्या-नवव्या वर्षापासून. धाक घालू नये, खरा आकडा सांगावा : तुझ्या वयाच्या शंभर मुलांपैकी नव्वदांहून अधिक मुले हे करीत नाहीत. नकाराचे वाक्य त्याच्या तोंडी बसवावे. ‘माझा नियम आहे’ हे आपल्या घरांतील जुने, सोपे वाक्य येथे फार उपयोगी पडते. कारण त्यापुढे वाद घालायला मित्राला जागा उरत नाही. हे सारे वडिलांपेक्षा कॉलेजात जाणाऱ्या आतेभावाने किंवा चुलतबहिणीने सांगितले तर अधिक लागू पडते, हाच दिल्ली-चेन्नईच्या गटप्रमुखांचा धडा आहे.

आणि मुलाच्या खिशात कधी पुडी सापडलीच तर? मारहाण आणि चारचौघांतला पाणउतारा यांनी मूल लपवायला तेवढे शिकते. त्याला विश्वासात घ्यावे, दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर व्यसन सोडविण्यासाठी विनामूल्य समुपदेशन मिळते. घरातील मोठ्यांपैकी कोणी सुपारी वा तंबाखू खात असेल तर त्यांनीही त्याच दिवशी मुलाबरोबर सोडण्यास आरंभ करावा. सोबतीने सोडणाऱ्याचे बळ मुलाला शंभर व्याख्यानांतून मिळणार नाही.