पलंगाखालचा बोंबील

पलंगाखाली चप्पल शोधायला हात घालावा आणि हाताला सुका बोंबील लागावा, ही वेळ भाईंदर पश्चिमेतल्या कुठल्याही घरावर येऊ शकते. समजा, आलीच. बोंबील एकटा आहे, अख्खा आहे, वीतभर लांब आणि कडक. जबडा उघडा, त्यातले बारीक दात बोटाला टोचणारे. स्वयंपाकघर तर पॅसेजच्या पलीकडे. मग हा इथे आला कसा?

घरात चौकशी बसते. पहिला संशय अर्थातच उंदरावर. उंदराला उघड्यावर खाणं मानवत नाही. मिळालेला घास तो भिंतीच्या कडेकडेने आडोशाला ओढून नेतो, आणि पलंगाखालच्या अंधारासारखा आडोसा दोन खोल्यांच्या घरात दुसरा नाही. पण उंदीर जे नेतो ते कुरतडतो. या बोंबलाचं शेपूटसुद्धा शाबूत आहे. उंदीर सुटला.

दुसरा कावळा. पोट भरलं की उरलेला घास पन्हळीत, कुंडीत, पत्र्याच्या फटीत लपवून ठेवायची त्याची जुनी रीत. शेजारच्या गच्चीत वाळत घातलेला बोंबील उचलून खिडकीच्या ग्रिलमध्ये खोचून ठेवणं त्याला सहज जमेल. पण ग्रिल ओलांडून, फरशीवरून चालत पलंगाखाली? एवढं धाडस कावळा करायचा नाही. मांजराचा प्रश्नच नाही. त्याने आणला असता तर शोधायला काही उरलंच नसतं. राहिला पाच वर्षांचा नातू. बोंबलाची तलवार करून त्याने लढाई मारली असेल, हे घरच्यांना लगेच पटतं. तरी तलवार त्याच्या हाती आली कुठून?

इथे तपास उत्तनच्या किनाऱ्याकडे वळतो.

उत्तन, पाली, चौक ही मिरा-भाईंदर महापालिकेच्याच हद्दीतली कोळीवस्तीची गावं. भरती-ओहोटीच्या ओढीला तोंड करून लावलेल्या डोल जाळ्यांत बोंबील सापडतो. ताज्या बोंबलात ८५ ते ९० टक्के पाणी असतं, म्हणून तो हातात धरला तरी लोळागोळा होतो. पाऊस सरला की किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभ्या राहतात. बायका एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. बहुतेक वेळा मीठसुद्धा लावत नाहीत. वारा आणि ऊन मिळून दोन-तीन दिवसांत त्याची काठी करतात. ते दात एवढे टोकदार नसते तर ही जोडी दोरीवर टिकली नसती. आठ लाखांवर वस्तीच्या, टॉवरांनी भरलेल्या या शहराच्या पश्चिम टोकाला हे काम आजही उघड्या आभाळाखाली हातांनीच चालतं, याचा इथल्या माणसाला अभिमान वाटायला हवा.

मे महिन्यात हाच माल अगोटीला घरोघर येतो. बोंबील, जवळा, करंदी, वाकटी. पावसाळ्याचे महिने निघतील एवढा. आणि आता मुख्य साक्षीदार आजी. बोंबलाला दमट हवा लागली की तो मऊ पडतो, बुरशी धरतो, त्यात अळ्या होतात. स्वयंपाकघरात कुकरच्या वाफा. म्हणून तिने डबा बेडरूमच्या माळ्यावर चढवला. तिचं काही चुकलं नाही. पूर्वीच्या घरांतून खाटेखाली पेंढ्यात आंब्याची आढी असायची, आज बॉक्सपलंगात वर्षाचे गहू-तांदूळ असतात. झोपायच्या खोलीला कोठाराचं काम आपल्याकडे कायमच करावं लागलं आहे. डबा चढवताना एक बोंबील निसटला आणि घरंगळत पलंगाखाली गेला, एवढाच काय तो गुन्हा. नातवासकट सगळे निर्दोष.

यंदाची अगोट भरायची असेल तर मे संपायच्या आत उत्तनला जा, कारण १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. कोळणीसमोरच बोंबील मोडून पाहा. कट्कन तुटला तर घ्या, वाकला तर तिथेच ठेवा. घरी आणल्यावर पुन्हा एक कडक ऊन द्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि माळ्यावर चढवताना शिडी धरायला कुणाला तरी हाक मारा.