गणित विहिरीपासून सुरू होतं!

"अहो, मॉडेलिंग वगैरे परीक्षेपुरतं. शेतात कंट्रोलर जोडायचा, दोन आकडे इकडेतिकडे करायचे, पाणी आलं की झालं!" सौरपंपांबद्दल हे वाक्य इंजिनिअर म्हणवणाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की आता लिहितोच.

मंडळी, भर दुपारी स्वच्छ उन्हात कुठलाही कंट्रोलर हुशारच दिसतो. त्याची खरी परीक्षा ढग आल्यावर. पॅनेल देऊ शकतं त्याहून जास्त पॉवर पंपाने मागितली, की व्होल्टेज घसरतं. मागणी तेवढीच राहिली तर व्होल्टेज आणखी कोसळतं आणि पंप बंद! मोटरचा वेग किती आणि किती झटपट उतरवायचा, हे आधी समीकरणात मांडलेलं नसेल तर दिवसभर हाच खेळ.

सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या स्विचचं गणित मांडायचं कसं? मिडलब्रुक आणि चुक (आडनाव आहे हो, चूक नव्हे!) यांनी १९७६ मध्येच वाट दाखवली: प्रत्येक आवर्तनाची सरासरी घ्या, मग नेहमीची समीकरणं लागू पडतात. म्हणजे "जमत नाही" ही सबब पन्नासएक वर्षं जुनी झाली.

पण स्विचपाशी थांबूनही भागत नाही. ढोबळमानाने पंपाची पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्के केला तर पॉवर निम्म्यावर येते. दौंडला भीमेकाठच्या उथळ विहिरीवर एवढ्या वेगातही पाणी येत राहील. शिरूरच्या जिरायती पट्ट्यातल्या खोल बोअरवर मात्र त्याच वेगात मोटर नुसती फिरेल, पाणी वर पोचणारच नाही! मग दोघांना एकच सेटिंग कसं चालेल?

२०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत हॉर्सपॉवर ठरते जमिनीच्या क्षेत्रावर: अडीच एकरांपर्यंत ३, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पंप निवडताना खोली बघतात, मान्य. पण ती खोली, उन्हाळ्यात खाली जाणारी पातळी, कंट्रोलरच्या गणितापर्यंत पोचते का? पंपाचं मोजमाप दिवसाकाठी दर वॅटमागे किती लिटर, असं करतात. दिवसभराच्या बेरजेत ढगाळ अर्धा तास कुठे दिसणार?

गावाकडच्या आमच्या मंडळींना एवढंच सांगणं: पंप बसवायला येणाऱ्याला विचारा, "आमच्या विहिरीची खोली यात भरली का? ढग आला तर हा काय करतो?" उत्तर "बघू" आलं, तर समजा की गणित झालेलंच नाही. आणि न केलेल्या गणिताची किंमत इंजिनिअर मोजत नाही, कांद्याचं रान मोजतं.

असो. मतभेद असतील तर जरूर लिहा, पण कागद-पेन्सिल घेऊन!