दाण्यांच्या डब्यातली बुरशी आणि लवंगांची पुरचुंडी

मैत्रिणींनो, श्रावण म्हणजे उपासांचा महिना, आणि उपास म्हटला की दाण्याचं कूट आलंच! साबुदाण्याची खिचडी, भगरीबरोबरची दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू. एरवी महिनाभर पुरणारे दाणे पंधरा दिवसांत संपतात. आणि नेमकी हीच दमट हवा बुरशीला सगळ्यांत जास्त मानवते. म्हणून आज धान्य, दाणे आणि लोणची यांवर येणाऱ्या बुरशीबद्दल, आणि तिच्यावरच्या झाडपाल्याच्या उपायांबद्दल बोलू या.

हे उपाय आपल्याला नवीन नाहीत. कुणी गव्हाच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालतं, कुणी दाण्यांच्या डब्यात लवंगांची पुरचुंडी ठेवतं, कुणाच्या लोणच्याला मोहरी फेसल्याशिवाय चालत नाही. आता तुम्ही विचाराल, यात खरंच काही तथ्य आहे, की आपलं सासूबाई करत आल्या म्हणून आपणही करायचं? तथ्य आहे, बरं का! पण त्याला एक मर्यादाही आहे, आणि ती माहीत असणं उपायापेक्षा महत्त्वाचं आहे.

आधी तथ्य पाहू. लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ओव्यात थायमॉल, तर दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड. ज्या वासानं आपल्याला मसाल्याचा डबा हवाहवासा वाटतो, तोच वास बुरशीला मारक ठरतो. मोहरीची गंमत तर आणखीच वेगळी. अख्खी मोहरी झणझणीत लागत नाही. ती ओलसर करून फेसली, की तिच्यातली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. हा झणका बुरशीला वाढू देत नाही. पण हे घडवून आणणारं द्रव्य उष्णतेनं निकामी होतं. म्हणूनच लोणच्याची फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय फेसलेल्या मोहरीवर ओतायची नाही. घाई केलीत तर चवही जाते आणि राखणदारीही जाते.

कडुनिंबाचंही तसंच. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात कडुनिंबाच्या पानांच्या अर्काचे प्रयोग झाले. तेव्हा असं दिसलं, की अर्क आधीच घातलेला असेल तर बुरशी वाढते, पण ती जे विष तयार करते ते पुष्कळ कमी होतं.

विष म्हटल्यावर दचकलात ना? दचकायलाच हवं. शेंगदाणे, मका, सुकी मिरची अशा पदार्थांवर हिरवट पिवळी बुरशी येते. तिच्यातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते प्रथम उघडकीला आलं ते शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये ही पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. आपल्याकडे तर माणसं गेली. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवेळी पावसानं मका भिजला. त्याला बुरशी आली. घरात दुसरं धान्य नव्हतं म्हणून लोकांनी तोच खाल्ला. दीडशेहून अधिक गावांत मिळून जवळजवळ चारशे माणसं काविळीनं आजारी पडली, आणि त्यातली शंभराहून अधिक दगावली. घरातली कुत्रीसुद्धा सुटली नाहीत. हे विष थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तरी यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हेही आता सिद्ध झालं आहे.

आता ती मर्यादा. झाडपाल्याचा उपाय बुरशी येण्याआधी उपयोगी पडतो. एकदा विष तयार झालं, की लवंग, ओवा, कडुनिंब यांतलं काहीही डब्यात घातलं तरी ते निघत नाही. उन्हात घालून बुरशी झटकली, दाणे पुसले, भाजले, तरी विष पूर्णपणे जात नाही. कूट केल्यावर तर काहीच कळत नाही! शिवाय प्रयोगशाळेतला अर्क चांगला तीव्र असतो, आपल्या पुरचुंडीतल्या चार लवंगांना तेवढी ताकद कुठून असणार? तेव्हा पुरचुंडी जरूर ठेवा, पण तिच्या भरवशावर ओले दाणे भरू नका. खरा उपाय एकच, कोरडेपणा. बाकी सगळे त्याचे मदतनीस.

मग करायचं काय? पावसाळ्यात दाणे पंधरा दिवसांपुरतेच आणा. घरी आणले की ताटात पसरून निवडा. काळपट, सुरकुतलेले, हिरवट डाग पडलेले दाणे बाजूला काढून टाका. राहिलेले मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम दाणे भरले की झाकणाला आतून घाम येतो, आणि बुरशीला तेवढं पाणी पुरतं. कूट लागेल तेवढंच करा. खाताना कडू दाणा लागला तर गिळू नका, थुंकून टाका. भगरही निवडून घ्या, आणि तिचं पीठ बाजारातून सुटं आणण्यापेक्षा घरीच ताजं दळा.

कडुनिंबाचा पाला सावलीत खडखडीत वाळवूनच धान्यात घाला. ओला पाला घालणं म्हणजे कोठीत पाणी शिंपडण्यासारखंच. त्यामुळे किडे मात्र दूर राहतात, आणि किड्यांनी पोखरलेल्या दाण्यात बुरशी लवकर शिरते, तेव्हा हा फायदा दुहेरी. कडुनिंबाचं तेल मात्र खायच्या धान्याला चोळू नका. लहान मुलांच्या पोटात ते गेलं तर झटके येऊ शकतात.

लोणच्याला मीठ हात आखडून घालू नका, वर तेलाचा चांगला थर ठेवा, बरणीला दादरा बांधा, आणि ओला चमचा आत जाऊ देऊ नका. एवढं करूनही बुरशी आलीच, तर नुसता वरचा थर काढून खालचं खाऊ नका.

आणि आता जरा नाजूक गोष्ट. बुरशी आलेलं धान्य टाकताना जीव कळवळतो, महागाईत तर फारच. मग मनात येतं, “आपण नाही खाल्लं तरी कामवाल्या बाईंना देऊ, नाहीतर दारच्या गायीला घालू, अन्न वाया तरी जाणार नाही.” मैत्रिणींनो, असं करू नका. जे आपल्या लेकरांच्या पोटात जायला नको, ते त्यांच्या लेकरांच्या पोटात कसं चालेल? आणि गायीनं खाल्लेलं हे विष रूप बदलून तिच्या दुधात उतरतं. ते दूध कुणाच्या तरी घरी जातंच. तेव्हा असं धान्य कागदात गुंडाळून, कुणाला किंवा जनावराला उचलता येणार नाही असं टाका. बाईंना द्यायचंच असेल तर निवडलेले चांगले दाणे वाटीभर द्या. उपास त्यांचाही असतो!