ठराव रद्द झाला, जाब विचारण्याचा हक्क नव्हे



काही देशांच्या संसदांनी संयुक्त राष्ट्रांच्या कारभारात ढवळाढवळ करून झिओनिझमविषयीचा, म्हणजे ज्यू राष्ट्रवादाविषयीचा, ठराव रद्द करवला, हा एका पत्रलेखकाचा आक्षेप पटत नाही. १० नोव्हेंबर १९७५ रोजी आमसभेने ७२ विरुद्ध ३५ मतांनी झिओनिझमला वंशवादाचे रूप ठरवले. भारतानेही बाजूने मत दिले होते. हा ठराव रद्द व्हावा, अशी मागणी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने १९८६ मध्ये केली. अमेरिकी काँग्रेसनेही केली. आमसभेचा ठराव कोणतीही संसद मोडू शकत नाही, पण आपल्या सरकारने तिथे कोणती भूमिका घ्यावी हे सांगणे तिच्या अधिकारातच येते. निर्णय अखेर आमसभेतच, १६ डिसेंबर १९९१ रोजी १११ विरुद्ध २५ मतांनी झाला.

अमेरिकेचा दबाव होता, हे खरे. मात्र शीतयुद्ध ओसरले होते, माद्रिदची शांतता परिषद सुरू झाली होती आणि भारत व सोव्हिएत संघ या दोघांनीही या वेळी ठराव रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. रद्द करणाऱ्या एका वाक्याच्या ठरावात इस्रायलच्या धोरणांना शाबासकी नाही. व्याप्त प्रदेशातून माघारीविषयीचा सुरक्षा परिषदेचा २४२ क्रमांकाचा ठराव कायम राहिला. पॅलेस्टिनींच्या हक्कांची बाजू अशाच ठोस ठरावांच्या आधारे मांडावी. एका राष्ट्रवादावर सरसकट शिक्का मारून ती बळकट होत नाही.

– एक वाचक