अळणी पाणी आजाऱ्याला, मग फोडी कुणाला?

पावसाळा लागला की वाईत पसरणी घाटाकडून गार वारा सुटतो आणि घरोघरी खोकला सुरू होतो. अशा वेळी आपल्याकडे कोंबडीचं अळणी करतात. बाळंतीण असो, तापातून उठलेला माणूस असो की लहान लेकरू, सगळ्यांना तेच. शहरात त्यालाच चिकन सूप म्हणतात.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वहिनी दहा दिवसांच्या तापातून उठल्या. भेटायला गेले तर त्यांच्यापुढं वाटीभर पिवळं पाणी होतं. फोडींना मसाला लावून बाकी घर जेवलं होतं. वहिनीच मला म्हणाल्या, "ताई, सगळी ताकद पाण्यातच उतरते ना?"

नाही उतरत. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. शिजवल्यावर त्यातली बरीचशी मांसातच राहतात, पाण्यात थोडीच येतात. पन्नास किलो वजनाच्या निरोगी माणसालाही दिवसाला सुमारे ४० ग्रॅम प्रथिनं लागतात. आजारात झिजलेल्या अंगाला तर ती हवीतच.

पाणी वाया जातं असं मात्र नाही. त्यातून ऊब, मीठ आणि ओलावा मिळतो. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा गरम चिकन सूपनं नाकातला शेंबूड लवकर पुढं सरकतो असं दिसलं. पण तो परिणाम अर्ध्या तासातच ओसरला. आराम पाण्यानं पडेल, अंग भरून यायचं तर फोडीच खायला हव्यात.

कुकरमध्ये हे काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. पाव किलो हाडासकट चिकन घ्या. चमचाभर तेलात कांदा, ठेचलेलं आलं-लसूण परता. हळद, मीठ, चिकन आणि चार वाट्या पाणी घाला. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. बॉयलरला तीन शिट्ट्या पुरतात, गावरानला सात-आठ लागतात. वाफ आपोआप जिरू द्या, मगच झाकण काढा. आता फोडी हाडांवरून सोडवून परत पाण्यात टाका, मूठभर गव्हाच्या शेवया घाला आणि उघड्यावर चार-पाच मिनिटं उकळा. शेवया शिट्टीला लावू नका, लगदा होतो. वरून मिरपूड, कोथिंबीर. नूडल्सचं पाकीट आणायची गरज नाही, उन्हाळ्यात केलेल्या शेवया डब्यात असतातच.

हे सगळं सांगायचं मोठं कारण क्षयरोग आहे. वर पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी बेल-एअर सुरू केलं ते क्षयरोग्यांसाठीच. औषधाइतकाच आहार महत्त्वाचा, हे तेव्हापासून माहीत आहे. सरकार निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून रुग्णाच्या खात्यावर महिना ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे पैसे रुग्णाच्या ताटासाठी आहेत. त्यातून आठवड्याला पाव किलो चिकन आणि थोडी अंडी सहज येतात. औषधाच्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

दवाखान्यातून मिळणाऱ्या आहाराच्या कागदावर बऱ्याचदा फळं, पनीर आणि डाळीचं पाणी एवढंच असतं. चिकन, अंडी लिहिलेली नसतात, म्हणून आपली माणसं ती चालत नाहीत असं समजतात आणि विचारायलाही लाजतात. लाजू नका. "आमच्या घरात चिकन, अंडी खातात, रुग्णाला किती देऊ?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तदाब असेल तर मीठ कमी घाला.

आणि घरातली बाई आजारी असेल तर जास्तच लक्ष ठेवा. ती स्वतः फोड मागणार नाही, उलट आपल्या वाटीतली लेकराच्या वाटीत टाकेल. कुकर उघडला की पहिल्यांदा तिच्या वाटीत फोडी वाढा, आणि ती खाईपर्यंत शेजारी बसा.