मन तयार होत नसतं

"मनातून यायला हवं." अकरा वर्षं हे ऐकलं. आता कुणी म्हटलं की डोकं भडकतं. कुठल्या मनातून? तलफ आली की आपोआप चुन्याची डबी चाचपणारं मन ते हेच ना? मग चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कशाला देता?

वडील दवाखान्यात शेवटचे श्वास घेत होते तेव्हा मी खाली पार्किंगमध्ये तंबाखू मळत होतो. वर पोचेपर्यंत ते गेले होते. माणूस हलायला याहून मोठं कारण कुठून आणायचं? तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून परतताना मी बार भरला. पुढे दंतवैद्यानं तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, आतून गाल ताठरले होते. ती भीती आठ दिवस टिकली.

तंबाखू सोडली की पहिले दोन-तीन दिवस चिडचिड आणि झोपमोड सगळ्यांत वाईट असते, मग तीन-चार आठवड्यांत ती ओसरत जाते. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. व्याख्यानं मात्र इच्छाशक्तीवर झोडली. २०१६-१७च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या चारांतला जवळपास एक प्रौढ बिनधुराची तंबाखू खाणारा किंवा लावणारा निघाला. एवढ्या सगळ्यांची इच्छाशक्ती दुबळी? गुटख्यावर २०१२ साली बंदी आणायची, साधी तंबाखू कोपऱ्याकोपऱ्यावर विकू द्यायची आणि वर दोष खाणाऱ्याच्या मनाला द्यायचा, हा निर्लज्जपणा आहे.

मला सोडवलं आईनं. ती स्वतः मिश्री लावते, म्हणजे लावायची. तिच्या हिरड्या पाहून मी एकदा ओरडलो, तर म्हणाली, "तू सोड, मी सोडते. रोज सकाळी फोन करायचा. खोटं बोललास तर आवाजावरून कळेल मला."

माझं मन त्या दिवशीही तयार नव्हतं. तरी पुडीवरच छापलेल्या १८००-११-२३५६ या नंबरला फोन लावला. निकोटिनचा च्युइंगम आणला. टपरी टाळून मागच्या गल्लीनं कामावर जाऊ लागलो. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं मळली त्या सहकाऱ्याला सांगितलं, माझ्यापुढे हात करू नकोस. तलफ यायची, मिनिटं मोजायचो, ती जायची, पुन्हा यायची. सोडायची खरी इच्छा उगवली पाचव्या आठवड्यात, ठेच्याचा घास पहिल्यांदा तोंडाची आग न होता गिळला तेव्हा. तोंड अजून दोन बोटंच उघडतं. ते दंतवैद्यानं आधीच बजावलं होतं.

आज सकाळी फोन केला.

"खाल्लीस?"

"नाही. तू?"

"कालपासून दाढ ठणकतेय. चार वेळा डब्याकडे गेले. नाही लावली."