गॅसबत्तीच्या राखेतला धडा

वीज बेभरवशाची होती, तेव्हा पाथरीसारख्या गावांत रात्रीची वरात गॅसबत्त्यांच्या उजेडात निघे. बत्तीतले पांढरे मेंटल पहिल्यांदा पेटवले की धागा जळून जाई आणि उरलेली राखेची जाळी लख्ख प्रकाश देई. बोट लागले की तिचा चुरा होई. हा धागा थोरियम नायट्रेटमध्ये भिजवलेला असे. सोबत शेकडा एक भाग सेरियम. अशा मेंटलसाठी लागणारे थोरियम नायट्रेट बनवणारा कारखाना १९५५ मध्ये मुंबईत तुर्भ्याला सुरू झाला. थोरियम किरणोत्सारी आहे. म्हणून माळ्यावर जुने मेंटल सापडले तर ते मुलांच्या हाती देऊ नये, त्याची राख श्वासात जाऊ देऊ नये.

सेरियम हे 'दुर्मीळ मृदा' गटातले मूलद्रव्य. ही मूलद्रव्ये नावाइतकी दुर्मीळ नाहीत. अवघड आहे ते त्यांना एकमेकांपासून सोडवणे. मेंटलचा जनक कार्ल आउअर याने १८८५ मध्ये व्हिएन्नात निओडिमियम आणि प्रासिओडिमियम वेगळे केले, ते नायट्रेटचे दुहेरी क्षार पुन्हा पुन्हा विरघळवून आणि पुन्हा पुन्हा स्फटिक पाडून.

हे इतके किचकट का, याचे उत्तर स्फटिकात आहे. लँथेनम नायट्रेट आणि निओडिमियम नायट्रेट या दोघांच्या सूत्रात पाण्याचे सहा रेणू लिहितात. पण लँथेनमच्या अणूला त्यातले पाच रेणू थेट बिलगलेले असतात, एक बाजूला राहतो. निओडिमियमला चारच बिलगतात, दोन बाजूला. कारण लँथेनमकडून ल्युटेटियमकडे जाताना आयन आक्रसत जातो, त्याची त्रिज्या सुमारे सहाव्या हिश्श्याने घटते आणि भोवती दाटी होते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांतला फरक मात्र एवढासाच. त्या एवढ्याशा फरकावर सगळे पृथक्करण उभे आहे.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि वाहन उद्योगाला चुंबकांची चणचण भासली. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू असूनही भारत हात चोळत राहिला. त्यानंतरची चर्चा बहुतेक खाणींचीच आहे. ही दिशा अपुरी आहे. वाळू उपसणे सोपे. तिच्यातून शुद्ध निओडिमियम काढणारी माणसे आणि कारखाने उभे करणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे.

त्याची सुरुवात तालुक्याच्या महाविद्यालयातही होऊ शकते. तिथे विद्यार्थी सूत्रातला ठिपका आणि पुढचे 'सहा पाणी' घोकतात, पण ते सहा रेणू कुठे बसतात हे क्वचितच विचारले जाते. मोरचूद आणि तुरटीचे स्फटिक वाढवायला फार खर्च येत नाही. मोरचुदाच्या पाच पाण्यांपैकी चार तांब्याला बिलगलेली असतात, पाचवे वेगळे. हे ज्याने एकदा नीट समजून घेतले, त्याला दुर्मीळ मृदांचे कोडे परके वाटणार नाही.